ऋण फेडणारी सुभद्रा

१९८९ च्या नोव्हेंबर महिन्यात आम्ही पुण्यात सेमिनरीत शिकत होतो. महिन्याच्या २० तारखेला गायिका हिराबाई बडोदेकर यांचे निधन झाले. बातमी आली त्या दिवशी आम्हांस मराठी शिकवावयास येणारे एक निवृत्त शिक्षक वर्गात आले, पण त्यांनी पुस्तक उघडले नाही. थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसून ते म्हणाले, “ब्रदर, उद्या वर्तमानपत्रांत सगळे लिहितील की मोठी गायिका गेली. ते खरेच आहे. पण माझ्या वडिलांनी त्यांची सुभद्रा पाहिली होती. त्या नाटकवाल्याही होत्या. आणि नाटक बुडाले तेव्हा त्यांनी लोकांचे पैसे बुडवले नाहीत.”

त्या वेळी ‘सुभद्रा’ म्हणजे काय हेदेखील आमच्यापैकी अनेकांना नीटसे ठाऊक नव्हते. किराणा घराण्याच्या थोर गायिका म्हणून हिराबाईंचे नाव कानांवर होते, एवढेच. पुढे संगीत नाटकाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की गुरुजींचे भाकीत अचूक होते. रंगभूमीच्या इतिहासात हिराबाईंच्या वाट्याला बहुधा एखाद-दुसरी ओळ येते: ‘१९२९ साली त्यांनी स्त्री-पुरुषांची संमिश्र नाटक मंडळी काढली, ती फार काळ टिकली नाही.’ आमच्या मते ही ओळ थोडे थांबून वाचली पाहिजे. मराठी समाजाने आपल्या स्त्रियांना कसे वागवले, याचा मोठा हिशेब तीत दडलेला आहे.

हिराबाईंचा जन्म १९०५ च्या मे महिन्यात मिरजेस झाला. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ. मूळ गाव उत्तर प्रदेशातील कैराना, ज्यावरून किराणा घराण्याला त्याचे नाव मिळाले. आई ताराबाई माने, बडोद्याच्या राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार घराण्यातील कन्या. खाँसाहेब बडोदे दरबारी गायक म्हणून आले होते. दोघांचे प्रेम जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. गायक मुसलमान आणि मुलगी सरदाराच्या घरची. त्या काळी या गोष्टीचा काय गहजब झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या दांपत्याची पाच मुले मोठी झाली. पुढे ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि मुलांना घेऊन त्यांनी वेगळा संसार मांडला. त्या वेळी मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान यांचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकलीची हिराबाई झाली आणि आईच्या माहेरगावावरून ‘बडोदेकर’ हे आडनाव तिला चिकटले. गुलाबची कमलाबाई आणि सकीनाची सरस्वती झाली. हीच पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून प्रसिद्धी पावली. धाकटे बंधू कृष्णराव. एका आईने एकटीने पाच मुलांना घेऊन नव्या नावांनी समाजात उभे राहावयाचे ठरवले. या नामांतरामागे दुःख किती आणि व्यवहार किती, हे तोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र एक गोष्ट उघड आहे. ज्या घरावर लोकांची नजर आधीच खिळलेली असते, त्या घरातील मुलीला प्रत्येक पाऊल मोजून टाकावे लागते. हिराबाईंच्या पुढील आयुष्यातील संयमाचे मूळ आम्हांस येथे दिसते.

गाण्याची तालीम त्यांना प्रामुख्याने उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांजकडून मिळाली. विलंबित लयीत एकेक स्वर उलगडत जाण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध होती. वडिलांच्या गळ्यातील माधुर्य आणि गुरूंची सबुरी यांचा मेळ मुलीच्या गाण्यात बसला. बंधू सुरेशबाबू हे स्वतः मोठे गवई आणि त्याहून मोठे शिक्षक. त्यांचाही हात या घडणीत होता.

आता त्या काळातील रंगभूमीकडे वळू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. १८८२ मध्ये त्यांचे ‘सौभद्र’ आले. त्यानंतरची पन्नास वर्षे मराठी माणूस या नाटकांनी वेडावून गेला होता. रात्री पडदा उघडावा आणि ‘वन्समोअर’च्या गजरात पहाट उजाडावी, असा तो काळ. पण या साऱ्या वैभवात एक गोष्ट नव्हती. रंगमंचावर स्त्री नव्हती. शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी या सर्व भूमिका पुरुष करीत. आधी भाऊराव कोल्हटकर आणि नंतर नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी या परंपरेला असे तेज आणले की घरंदाज स्त्रिया साडी कशी नेसावी आणि केसांत फुले कशी माळावीत हे बालगंधर्वांकडे पाहून ठरवीत.

यातील विसंगती आज आपणांस खटकते. तेव्हा ती फारच थोड्यांना खटकत होती. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ १८९९ चे. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ती कहाणी. प्रेक्षकांनी त्या शारदेसाठी अश्रू ढाळले, पण शारदेच्या वेषात उभा असे मुलगाच. देवलांच्याच ‘संशयकल्लोळ’ नाटकाची नायिका रेवती ही नायकिणीच्या घरात वाढलेली. तिला प्रतिष्ठेचा संसार हवा आहे. प्रेक्षक तिच्या बाजूचे होते. परंतु प्रत्यक्षात तशा घरातील एखादी गुणी मुलगी रंगमंचावर आली असती, तर याच प्रेक्षकांनी नाके मुरडली असती. आणि कुलीन घरातील मुलगी आली असती तर तिचे कुळच बुडाले असते. स्त्रीचे दुःख रंगमंचावर चालत होते. स्त्री चालत नव्हती.

स्त्रिया अगदीच नव्हत्या असे नाही. केवळ स्त्रियांच्या काही नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत अर्जुन-श्रीकृष्णही स्त्रियाच होत. चित्रपटातही प्रारंभी हीच अडचण होती. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातील तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या, तेव्हा कोठे ती कोंडी फुटली.

येथे आपल्या ख्रिस्ती वाचकांना जवळची वाटणारी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईतील गोवेकर ख्रिस्ती बांधवांनी १८९२ साली, ईस्टरच्या रविवारी, १७ एप्रिल रोजी पहिला कोंकणी तियात्र रंगमंचावर आणला. गाण्यांनी भरलेला हा नाट्यप्रकारही प्रारंभी पुरुषांचाच होता. पण १९०४ साली जुआंव आगोस्तिन फर्नांडिस यांनी ‘भाटकार’ तियात्रात आपल्या पत्नी रेजिना यांना भूमिका दिली आणि त्या तियात्राच्या पहिल्या अभिनेत्री म्हणून ओळखल्या जातात. पतीने पत्नीचा हात धरून तिला रंगमंचावर आणावे, हे त्या काळी सोपे नव्हते. त्याच मुंबई शहरात मराठी संगीत नाटकांचेही प्रयोग होत. परंतु त्या रंगमंचावर हे घडावयास आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

हिराबाईंच्या घराण्यातच या विसंगतीचे एक उदाहरण होते. त्यांच्या वडिलांचे पट्टशिष्य रामभाऊ कुंदगोळकर हे काही वर्षे नाटकात होते आणि स्त्री-भूमिका करीत. ‘सवाई गंधर्व’ ही पदवी त्यांना रंगभूमीवरच्या त्या दिवसांत मिळाली. म्हणजे वडिलांचा शिष्य शालू नेसून रंगमंचावर गायला तर त्यास पदवी. आणि गुरूची मुलगी स्वतःच्याच वेषात तेथे उभी राहू म्हणेल तर समाजापुढे प्रश्नचिन्ह.

नाटकाकडे येण्यापूर्वी हिराबाईंनी मैफलीत एक वाट पाडली होती. स्त्रीचे गाणे तोवर बहुधा खाजगी बैठकीत ऐकले जाई आणि त्या बैठकीला नजरेचा व हावभावांचा एक संकेत चिकटलेला असे. हिराबाई जाहीर सभागृहात गाऊ लागल्या. तिकीट लावून स्त्रीचे गाणे करण्याची प्रथा रुजवणाऱ्यांत त्या अग्रणी होत्या. अंगभर पदर, स्थिर बैठक, गाताना हातवारे नाहीत, चेहऱ्यावर कष्टाचा मागमूस नाही. ऐकणाऱ्याने गाणेच ऐकावे, अशी ती मांडणी होती. यामुळे मध्यमवर्गीय घरांतील स्त्रिया गाणे ऐकावयास येऊ लागल्या आणि हळूहळू त्यांच्या मुली गाणे शिकू लागल्या.

या कुटुंबाने पुण्यात ‘नूतन संगीत विद्यालय’ चालवले होते. १९२९ साली या विद्यालयाची नाट्यशाखा निघाली. विद्यालयाची शाखा म्हणून नाटक मंडळी काढणे यातही विचार दिसतो. मंडळी म्हटले की लोकांच्या मनात जे येई ते विद्यालय म्हटल्यावर येत नसे. बंधू सुरेशबाबू, भगिनी कमलाबाई आणि सरस्वतीबाई ही घरचीच माणसे त्यात होती. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी आणि पुरुषांच्या पुरुषांनी करावयाच्या, हा नियम. ‘सौभद्र’ रंगमंचावर आले आणि हिराबाई सुभद्रा झाल्या.

‘सौभद्र’ची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले. थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनास देऊ पाहतो. श्रीकृष्ण आपल्या चातुर्याने सारे घडवून आणतो आणि अर्जुन संन्याशाच्या वेषात येऊन तिला मिळवतो. घरच्यांनी ठरवलेले लग्न नाकारणारी ही नायिका सत्तेचाळीस वर्षे पुरुषांच्या गळ्यातून आपले गाऱ्हाणे मांडत आली होती. आता एक स्त्री ते मांडू लागली. आणि तिची आईही मनाजोगत्या माणसासाठी घर सोडून निघालेली होती. समोर बसलेल्या प्रेक्षकांपैकी कितीजणांच्या मनात हे आले असेल, कोण जाणे. ताराबाईंच्या मनात ते आल्यावाचून राहिले नसेल.

पुढे ‘संशयकल्लोळ’, ‘विद्याहरण’, ‘एकच प्याला’, ‘पुनर्जन्म’, ‘साध्वी मीराबाई’, ‘युगांतर’, ‘जागती ज्योत’ अशी नाटके या मंडळीने केली. यांतील ‘एकच प्याला’ करण्यास विशेष धैर्य हवे होते. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने आणले आणि दारुड्या पतीच्या संसारात झिजून जाणारी सिंधू म्हणजे बालगंधर्व, हे समीकरण घरोघर पक्के झाले होते. त्या सिंधूचे ठिगळ लावलेले लुगडेही लोकांच्या स्मरणात होते. अशा नाटकास हात घालणे म्हणजे तुलना ओढवून घेणे. तरीही त्यांनी तो हात घातला.

नाटक मंडळी चालवणे हा गाण्याबजावण्यापेक्षा वेगळाच व्यवसाय होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. रंगवलेले पडदे, कपडे आणि दागिने. ऑर्गन, सारंगी, तबला यांचे वादक. नट, स्वयंपाकी, पडदे ओढणारे. आणि हे सारे बिऱ्हाड आगगाडीने गावोगाव हलवणे. थिएटरचे भाडे आगाऊ द्यावयाचे आणि पावसाने वा साथीने प्रेक्षक आले नाहीत तरी पन्नास-साठ तोंडांना दोन वेळचे जेवण घालावयाचे. पुरुषांच्या मंडळीस जी अडचण एकपट, ती येथे दुप्पट. स्त्रियांची उतरण्याची जागा, रंगपटातील आडोसा, रात्री प्रयोग संपल्यावरचे जाणे-येणे, या प्रत्येक गोष्टीवर गावाचे डोळे असत. कुटुंबच मंडळी असल्याने हे निभावले.

आणि मग काळच फिरला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि त्यात दुर्गा खोटे यांच्यासारखी प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित स्त्री तारामतीच्या रूपाने पडद्यावर दिसली. थोडक्या पैशांत गाणी, कथा आणि खरीखुरी स्त्री-पात्रे मिळू लागल्यावर रात्र-रात्र जागून नाटक कोण पाहणार? नाटकाची थिएटरे बोलपटांस दिली जाऊ लागली. १९३४ साली खुद्द गंधर्व नाटक मंडळी बंद पडली. जेथे वटवृक्ष उन्मळला, तेथे नुकत्याच लावलेल्या रोपाची काय कथा? हिराबाईंची मंडळीही थोड्याच वर्षांत कर्जबाजारी होऊन थांबली.

आमचे गुरुजी ज्याबद्दल बोलले होते तो प्रसंग हा. नाटक मंडळी बुडाली की देणेकऱ्यांनी तोंड चुकवावे, हे त्या व्यवसायात नवे नव्हते. हिराबाईंनी तसे केले नाही. त्या पुन्हा मैफलीकडे वळल्या. गावोगाव जलसे केले आणि गाण्याच्या कमाईतून मंडळीचे कर्ज फेडले. ‘सुवर्णमंदिर’, ‘जनाबाई’, ‘म्युनिसिपालिटी’, ‘प्रतिभा’ अशा काही चित्रपटांतूनही त्यांनी कामे केली. पण त्यांचे मन रमले ते मैफलीतच. बालगंधर्वांनीही आपल्या मंडळीवरचे मोठे कर्ज एके काळी फेडले होते आणि मराठी मनाने त्याची आख्यायिका केली. हिराबाईंच्या परतफेडीची आख्यायिका झाली नाही. स्त्रीने निमूटपणे केलेल्या कष्टांची सहसा होत नाही.

त्यांची मंडळी टिकली नाही, म्हणून ती वाया गेली काय? घटनांचा क्रम पाहावा. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले. त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या आणि स्त्री-भूमिका स्त्रियांनीच केल्या. या दशकाच्या उत्तरार्धात गोहरबाई कर्नाटकी यांनी बालगंधर्वांसमवेत रंगमंचावर पाऊल टाकले. १९४२ साली ‘कुलवधू’ नाटकाची नायिका ज्योत्स्नाबाईच होत्या, आणि तोवर ‘नायिका स्त्री कशी?’ हा प्रश्न विचारणारा उरला नव्हता. दार उघडणारे हात अनेक होते. त्यांत हिराबाईंचा हात होता आणि त्या हाताने त्याची किंमतही मोजली होती.

नाटकाने त्यांच्या गाण्यालाही काही दिले. ख्यालाच्या मैफलीत त्या नाट्यपद, भावगीत, भजन आवर्जून गात. मोठ्या उस्तादांच्या घरातील गायिकेने हे करावे, यामुळे सामान्य श्रोता आणि शास्त्रीय संगीत यांतील अंतर कमी झाले. सरस्वतीबाईंसह त्यांनी स्त्रियांच्या जुगलबंदीचा पायंडा पाडला. याच सरस्वतीबाईंचा आवाज १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटातून देशभर पोहोचला. माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे यांना सुरेशबाबू व हिराबाई या भावंडांची तालीम लाभली. स्वातंत्र्याच्या वेळी दिल्लीत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान हिराबाईंना मिळाला. १९५३ साली चीनला गेलेल्या भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळात त्या होत्या. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक आणि १९७० मध्ये पद्मभूषण, असे सन्मान त्यांना लाभले.

एवढे लिहूनही मनात एक सल उरतो, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. हिराबाईंविषयी बोलताना सारेजण त्यांच्या शालीनतेचे गुणगान करतात. आम्हीही वर ते केले. पण ही शालीनता त्यांच्याकडून मागितली कोणी? भाऊराव वा बालगंधर्व यांच्या गाण्याचा विचार करताना त्यांच्या पदराचा विचार कोणी केला नाही. किंबहुना पदर त्यांच्या कौतुकाचा विषय होता. स्त्रीला मात्र आधी आपण ‘चांगल्या घरची’ आहोत हे रोज नव्याने सिद्ध करावे लागले आणि मग गावे लागले. ज्यांना हे सिद्ध करता आले नाही, ज्या नायकिणींच्या आणि कलावंतिणींच्या घरांतून जन्मल्या आणि ज्यांच्या गळ्यांनी हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले, त्यांतील कितीतरी जणींची नावे आपण लिहूनही ठेवली नाहीत. हिराबाईंच्या पदराची स्तुती करताना या बहिणींची उपेक्षा होऊ नये.

आजही आमच्याकडे तरुण मुली येतात. कोणी नाटकात काम करते, कोणी वाद्यवृंदात गाते. त्यांचे आईबाप काळजीने विचारतात, “फादर, लोक काय म्हणतील?” काळजी खोटी नसते, आईबापांना दोष द्यावयाचे कारण नाही. अशा वेळी आम्ही त्यांना १९२९ ची ती सुभद्रा सांगतो. जिचे नाव बदलले गेले, जिचे घर दुभंगले, जिची मंडळी बुडाली, तिने लोक काय म्हणतील याचे उत्तर गाऊन दिले आणि लोकांचे पैसे चुकते केले.

तिने आपले कर्ज फेडले. आपल्यावरचे ऋण मात्र आपण अद्याप मोजलेलेही नाही. त्या दिवशी वर्गात पुस्तक न उघडता आमचे गुरुजी बहुधा तेच मोजत बसले होते.